६८ नंबरचा माणूस

सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या पाच महिन्यांत मी डेट्रॉईट लायन्सचा एकही सामना चुकवला नाही. हंगामाचे सतरा आणि बाद फेरीचे तीन, असे वीस. त्याआधी अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. लांबुळका चेंडू, डोक्यावर हेल्मेट, पाच सेकंद झटापट आणि मग अर्धा मिनिट सगळे नुसते उभे, एवढंच टीव्हीसमोरून जाता-येता दिसायचं.

आम्ही मिशिगनमधल्या कँटनला राहायला आलो ते २०२२ च्या उन्हाळ्यात. नवरा मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. मला मात्र इथे काम करायची परवानगी मिळालेली नव्हती. पुण्यात नऊ वर्षं नोकरी केल्यावर दिवसभर खिडकीतून रस्ता बघत बसणं जमत नाही. पहिला हिवाळा फार जड गेला. शेजारच्या आजोबांची ओळख झाली ती त्या हिवाळ्यात, बर्फामुळे. पहाटे उठून ते स्वतःच्या दारातला बर्फ काढायचे आणि न विचारता आमच्याही. मोटारीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस. गुडघे दुखतात, पण फावडं दुसऱ्याच्या हातात देणार नाहीत. माझी मुलगी त्यांना आणि त्यांच्या बायकोला आजोबा-आजी म्हणायला लागली, मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी कुंपणापाशी उभे असताना ते म्हणाले, “या वर्षी लायन्सचे सामने बघायला आमच्याकडे येत जा. सगळे. एक-दोन बघून काही कळत नाही. अख्खा हंगाम बघावा लागतो.” मी हो म्हटलं. रविवारची दुपार कुणाच्या तरी घरी जाईल, एवढाच हिशोब होता माझा.

लायन्स म्हणजे काय, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. शेवटचं अजिंक्यपद १९५७ चं. सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, सुरू झाल्यापासून त्यात एकदाही पोचलेले नाहीत. २००८ मध्ये सोळाच्या सोळा सामने हरले. बाद फेरीत शेवटचा विजय ५ जानेवारी १९९२ ला, डॅलस काउबॉईजवर ३८-६. त्या दिवशी आजोबा पाँटियाकच्या सिल्व्हरडोममध्ये भावाबरोबर बसले होते. त्यानंतर बाद फेरीत ओळीनं नऊ पराभव. सिल्व्हरडोम २०१७ मध्ये पाडलं. भाऊही आता नाही. हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं. घरातल्या मोठ्या माणसाच्या आजारपणाबद्दल बोलावं तसं सांगितलं.

पण डॅन कॅम्बेल हे प्रशिक्षक २०२१ मध्ये आल्यापासून काहीतरी बदलत होतं. पहिल्या वर्षी तीनच विजय. दुसऱ्या वर्षी पहिल्या सातांपैकी सहा सामने हरले आणि तरीही शेवटी ९ विजय, ८ पराभव असा हंगाम संपवला. म्हणूनच २०२३ च्या हंगामाच्या अगदी पहिल्या सामन्यासाठी गतविजेत्या कॅन्सस सिटी चीफ्ससमोर लायन्सना उभं केलं होतं.

तो सामना ७ सप्टेंबरला, गुरुवारी रात्री. मी वही घेऊन गेले होते, नियम लिहून घ्यायला. आजोबांनी वही बघितली आणि म्हणाले, “नियम मी सांगेन. तू फक्त चेंडूकडे बघू नकोस. चेंडूच्या समोरच्या पाच जणांकडे बघ.”

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न. नाही सरकलात तर चेंडू समोरच्यांकडे. बाकी सगळं या एवढ्यावर उभं आहे. चेंडू फेकतो क्वार्टरबॅक, लायन्सचा जॅरेड गॉफ. पण तो फेकायला त्याला दोन-तीन सेकंद मिळतात ती समोरच्या पाच जणांमुळे. मधला सेंटर फ्रँक रॅग्नो, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि दोन टोकांना टॅकल: डावीकडे टेलर डेकर, उजवीकडे पेनी स्यूएल. दीडशे किलोंच्या आसपासची माणसं. यांनी चेंडू झेलायचा नसतो. अंगावर धावून येणाऱ्याला अडवायचं, नाहीतर आपल्या धावणाऱ्याला वाट करून द्यायची, बास. उजव्या हातानं फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते. तिकडून येणारा त्याला दिसत नाही. म्हणून डावा टॅकल हा त्याचा डोळा.

“डावा टॅकल” ऐकलं आणि मला आप्पा आठवले.

माझे वडील वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावच्या संघात कबड्डी खेळायचे. डावा कोपरा. जत्रेतले सामने, फक्कीनं आखलेलं मैदान, पेट्रोमॅक्सचा उजेड. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी यायच्या त्या चढाई करणाऱ्याच्या नावानं. साखळीत उभा असलेला, घोटा धरून चढाईवाल्याला आडवा करणारा, त्याचं नाव कधी आलं नाही. आप्पांच्या डाव्या हाताची दोन बोटं आजही सरळ होत नाहीत. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं की तुम्ही चढाई का नाही करत, टाळ्या तर त्यांनाच पडतात. ते म्हणाले होते, “कोपरा सुटला की घर उघडं पडतं, बाळ.”

त्या रात्री मी वहीत पाच फुल्या मारल्या आणि डावीकडच्या फुलीखाली ६८ लिहिलं. डेकरचा नंबर.

सामना लायन्सनी २१-२० असा जिंकला. पहिल्याच टप्प्यात, आपल्याच १७ यार्डच्या रेषेवर चौथ्या प्रयत्नाला चेंडू लाथाडून लांब घालवायचं सोंग केलं आणि प्रत्यक्षात धाव घेतली. आजोबा खुर्चीतून अर्धे उठले. तिथे अडले असते तर चीफ्सना फुकटचे गुण मिळाले असते. दुसऱ्या अर्ध्यात चीफ्सच्या खेळाडूच्या हातून निसटलेला चेंडू ब्रायन ब्रँच या नवख्या पोरानं हवेतच पकडला आणि तो थेट गोलरेषेपलीकडे नेला. या दोन गोष्टींचे व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरत होते. मला मात्र शेवटची काही मिनिटं जास्त आठवतात. लायन्सना फक्त घड्याळ संपवायचं होतं, आणि ती पाच माणसं दर वेळी खाली वाकून, बोटं जमिनीला टेकवून उभी राहायची आणि समोरच्या भिंतीला दोन-दोन, तीन-तीन यार्ड मागे रेटायची. भारतात तेव्हा सकाळ झाली होती. मी आप्पांना फोन केला आणि म्हटलं, इथे पण कोपरा असतो.

त्या सामन्यात डेकरच्या घोट्याला लागलं. पुढचे दोन सामने तो नव्हता. दुसऱ्या आठवड्यात सीॲटल सीहॉक्सनी जादा वेळेत ३७-३१ असं हरवलं.

तिसऱ्या आठवड्यात, २४ सप्टेंबरला, आजोबा मला आणि नवऱ्याला फोर्ड फील्डवर घेऊन गेले. जागा अगदी वर, छताजवळ. तिकीट तिथलंच परवडतं, पण आजोबांच्या मते खेळ कळायलाही तीच जागा चांगली. खरंच तसं होतं. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो. वरून बावीसच्या बावीस माणसं दिसतात. डेकर नसल्यानं स्यूएल उजवीकडून डावीकडे आला होता. इतकी वर्षं उजव्या हातानं लिहिणाऱ्याला डाव्या हातानं लिहायला लावावं तसं ते आहे, असं आजोबा म्हणाले. पाय उलटे टाकावे लागतात, हात उलटे. मी पूर्ण सामनाभर त्याचे पायच बघत होते. चेंडू सुटला की तो मागे सरकायचा, छोटी छोटी पावलं टाकत, कंबर खाली, आणि समोरचा आला की दोन्ही तळवे त्याच्या छातीवर. पकडायचं नाही. पकडलं की दहा यार्डांचा दंड. नुसतं अडवायचं. कबड्डीत पकड हेच सगळं, इथे पकड हाच गुन्हा. हे मी वहीत लिहून ठेवलं.

चेंडू किती सरकला हे मोजायला कडेला माणसं उभी असतात. दोन भगव्या काठ्या आणि मध्ये बरोबर दहा यार्डांची साखळी. २०२४ च्या हंगामापर्यंत शंका आली की ती साखळी मैदानात आणून ताणायचे. कोट्यवधी डॉलर्सचा खेळ, हजारो कॅमेरे, आणि शेवटी निवाडा दोन काठ्यांतल्या साखळीवर. ती ताणली जात असताना साठ हजारांवर माणसं श्वास रोखून उभी असायची. ते दृश्य मला फार आवडलं.

त्याच सामन्यात कधीतरी ध्वनिक्षेपकावर एक घोषणा झाली. अमुक नंबरचा खेळाडू पात्र म्हणून नोंद करतोय. मी विचारलं, हे काय? आजोबांनी समजावलं. पन्नास ते एकोणऐंशी नंबर म्हणजे लाइनवरची माणसं. त्यांना पास झेलायचा हक्क नाही. पण एखाद्या डावात त्यांच्यातल्या कुणाला टोकाला झेलणाऱ्याच्या जागी उभं करायचं असेल, तर त्यानं आधी पंचाकडे जाऊन तसं सांगायचं. पंच समोरच्या संघाला कळवतो. “बहुतेक वेळा तो नुसता अडवायलाच उभा असतो,” आजोबा म्हणाले, “पण कधीतरी त्याच्याकडे खरंच चेंडू टाकतात. मागच्या वर्षी स्यूएलनं झेलला होता, मिनेसोटाविरुद्ध. घर डोक्यावर घेतलं होतं आम्ही.” मी तेही लिहून घेतलं.

त्या दिवशी लायन्स २०-६ नं जिंकले. परतताना आजोबा गाडीत झोपले.

पुढचे आठवडे भराभर गेले. डेकर परत आला. ग्रीन बे, कॅरोलायना, टँपा, तिघांनाही हरवलं. मग बाल्टिमोर रेव्हन्सनी ३८-६ असा धुव्वा उडवला. त्या दिवशी लाइनवर काय चुकत होतं हे मला पहिल्यांदा स्वतःला दिसलं. पाच जणांची हालचाल एका सुरात होत नव्हती. एकजण अर्ध्या सेकंदानं मागे राहिला की त्याच्या शेजारचा उघडा. साखळीत हात सुटतो तसं.

नोव्हेंबरात इथली घड्याळं तासभर मागे गेली. सामना एकला सुरू झाला की भारतात रात्रीचे साडेअकरा. तरी आप्पा जागे राहायचे. सामना त्यांना दिसायचा नाही, पण मी मधल्या वेळेत फोन करायचे. त्यांचा एकच प्रश्न असायचा, “तुझा कोपरा कसा आहे?”

चार्जर्सविरुद्ध लॉस एंजेलिसला ३८-३८ अशी बरोबरी, दोन मिनिटांपेक्षाही कमी वेळ, चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत. सरळ लाथ मारून तीन गुण घ्यावेत असं कुणीही म्हणेल. कॅम्बेल यांनी घेतले नाहीत. गॉफनं सॅम लापोर्टाला पास दिला, सहा यार्ड मिळाले, मग घड्याळ संपता संपता रायली पॅटरसननं लाथ मारली आणि ४१-३८. आजोबा म्हणाले, “हा माणूस आपल्या पोरांवर विश्वास ठेवतो. तीस वर्षांत असा कुणी बघितला नाही.” मला त्या दिवशी कॅम्बेल यांच्याबद्दल जे वाटलं ते शेवटपर्यंत बदललं नाही. अगदी जानेवारीतल्या त्या रात्रीनंतरही.

१९ नोव्हेंबरला शिकागो बेअर्सविरुद्ध शेवटची चार मिनिटं उरली असताना लायन्स बारा गुणांनी मागे होते. तिथून ३१-२६ जिंकले. सगळे आनंदात असताना आजोबा मात्र गप्प होते. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. १७ नोव्हेंबर १९९१. सिल्व्हरडोम. समोर रॅम्स. लायन्सचा गार्ड माइक अटली, ६० नंबर, एका डावात मानेवर पडला. मणका मोडला. स्ट्रेचरवरून नेताना त्यानं प्रेक्षकांना अंगठा वर करून दाखवला. तो पुन्हा कधी खेळू शकला नाही. पण त्या वर्षी संघानं उरलेले सगळे सामने जिंकले, बारा विजय मिळवले आणि मग जानेवारीत डॅलसला हरवलं. “सगळे बॅरी सँडर्सचं, चेंडू घेऊन धावणाऱ्याचं, नाव घेतात,” आजोबा म्हणाले. “घ्यायलाच हवं. पण त्या वर्षी आम्ही सगळे अंगठा वर करून बसायचो, तो एका गार्डसाठी.” त्यांनी बोलता बोलता अंगठा वर केला आणि थोडा वेळ तसाच धरला. हाताची कातडी वाळलेल्या पानासारखी, अंगठ्याचं नख कारखान्यात कधीतरी चिरडून काळं पडलेलं.

थँक्सगिव्हिंगला डेट्रॉईटमध्ये सामना असतोच. १९३४ पासूनची रीत. आजींनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. त्यांच्याकडे भोपळ्याचा गोड पाय असतो, मी भोपळ्याचे घारगे करून नेले. आजींनी दोन खाल्ले आणि चार बाजूला झाकून ठेवले. सामना मात्र वाईट गेला. पॅकर्सच्या माऱ्यापुढे गॉफच्या हातून तीनदा चेंडू गेला, आणि २९-२२ अशी हार झाली. बाकीचे गॉफवर चिडले होते. मी मागे फिरवून फिरवून लाइन बघत होते. तोवर माझी नजर तशीच झाली होती.

डिसेंबरात न्यू ऑर्लिन्सला जिंकताना रॅग्नोच्या गुडघ्याला लागलं. शस्त्रक्रिया झाली. पुढचा शिकागोचा सामना त्याच्याशिवाय झाला आणि २८-१३ हरलो. त्यापुढच्या शनिवारी, डेन्व्हर ब्रॉन्कोजविरुद्ध, तो परत मैदानात होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडेही झाले नव्हते. ४२-१७ असा विजय, गॉफचे पाच टचडाउन पास, म्हणजे गोलरेषेपलीकडे पोचलेले. पेपरात गॉफ आणि लापोर्टाचे फोटो आले. माझ्या वहीत त्या तारखेला एवढंच लिहिलंय: “रॅग्नो आला.”

२४ डिसेंबरला मिनियापोलिसमध्ये व्हायकिंग्जना ३०-२४ नं हरवलं आणि लायन्स आपल्या विभागात पहिले आले. १९९३ नंतर पहिल्यांदा. शेवटच्या मिनिटात इफियातू मेलिफोन्वूनं व्हायकिंग्जचा पास मध्येच पकडला तेव्हा आजोबांनी ओरडलं नाही. ते उठून स्वयंपाकघरात गेले. नळाचा आवाज आला. परत आले तेव्हा चेहरा धुतलेला होता. आजी म्हणाल्या, “त्यांना जरा बसू दे.” बाहेर नाताळचे दिवे लागले होते.

आणि मग ३० डिसेंबर. डॅलस. यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

तेवीस सेकंद उरले असताना गॉफनं एमन-रा सेंट ब्राउनला पास दिला आणि टचडाउन झालं. २०-१९. आता लाथ मारून एक गुण घेतला तर बरोबरी. दोन यार्डांवरून एक डाव खेळून पलीकडे गेलात तर दोन गुण, आणि विजय. कॅम्बेल यांनी दोन मागितले. आजोबांच्या घरात कुणीच आश्चर्य केलं नाही.

तीन लाइनमन पंचाजवळून गेले. पंचानं ७० नंबर पात्र असल्याचं जाहीर केलं, डॅन स्किपर. चेंडू सुटला. आणि डावीकडून ६८ नंबर, टेलर डेकर, एक क्षण अडवल्यासारखं करून गोलरेषेपलीकडे सरकला. आसपास कुणी नाही. गॉफनं चेंडू उचलून दिला. डेकरनं तो झेलला.

मी किंचाळले. चार महिने ज्याचे फक्त पाय आणि तळवे बघितले होते, त्याच्या हातात चेंडू होता. २०१६ पासून या संघात असलेला माणूस. ओहायो स्टेट विद्यापीठातून आलेला, म्हणजे मिशिगनकरांच्या दृष्टीनं शत्रूच्या घरचा, आणि तरी आजोबांनी केव्हाच आपला मानलेला. आजोबांनी माझा हात धरला होता.

मग दंडाचा पिवळा रुमाल दिसला. पंचांचं म्हणणं, पात्र म्हणून नोंद केली होती ती ७० नं, ६८ नं नाही. डेकरनं सांगितलं की मी नोंद केली होती. कॅम्बेल यांनी सांगितलं की सामन्याआधीच हा डाव पंचांना समजावून दिला होता. काही उपयोग झाला नाही. गुण रद्द, पाच यार्ड मागे. दुसऱ्या प्रयत्नात चेंडू डॅलसनं पकडला, पण त्यांचाच दंड झाला. तिसऱ्या प्रयत्नात पास खाली पडला. २०-१९.

मला इतका संताप आला होता की मी घरी येऊन भांडी घासत बसले. भारतात एकतीस तारखेची सकाळ होती. आप्पांना तो तुकडा व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांनी तो बघितला, पुन्हा बघितला असेल, कारण फोन यायला वेळ लागला. मी पंचांबद्दल बोलत होते. त्यांनी मला बोलू दिलं. मग विचारलं, “त्यानंतर दोन डाव झाले म्हणालीस ना? त्या दोन्हीला हा आपल्या जागेवर उभा होता का?”

मी पुन्हा बघितलं. होता. हातातून विजय काढून घेतल्यावर, पंचाशी बोलून झाल्यावर, डेकर परत आपल्या डाव्या टोकाला आला, वाकला, आणि समोरच्याला अडवलं. मग पुन्हा एकदा.

“मग झालं,” आप्पा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “माणूस चांगला आहे.”

शेवटचा साखळी सामना जिंकून लायन्सचे बारा विजय झाले. १९९१ इतकेच. जानेवारीत माझं काम करायचं कार्ड पोस्टानं आलं. त्याच सुमारास बाद फेरीचा पहिला सामना, १४ जानेवारी, फोर्ड फील्ड. समोर रॅम्स, आणि रॅम्सचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड, जो बारा वर्षं लायन्ससाठी खेळला होता आणि २०२१ मध्ये गॉफच्या बदल्यात तिकडे गेला होता. तिथे जाऊन त्यानं सुपर बोल जिंकला. इकडे आलेल्या गॉफला त्याच्या जुन्या संघानं नको म्हणून पाठवलं होतं. तिकिटांचे भाव ऐकून आजोबांनी नुसती मान हलवली. आम्ही घरीच बघितला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी.

लायन्स २४-२३ नं पुढे होते. चार मिनिटं उरली होती. चेंडू लायन्सकडे. स्टॅफर्डच्या हातात चेंडू परत जाऊ द्यायचा नाही, एवढंच काम. ते काम कुणाचं, हे मला आता कुणी सांगायची गरज नव्हती. दोन मिनिटांच्या आत गॉफनं सेंट ब्राउनला पास दिला, अकरा यार्ड, आणि खेळ संपला. मैदानभर गॉफच्या नावाचा गजर चालू होता. टीव्हीवर तो गजर ऐकू येत असताना आजोबांनी अंगठा वर केला. मीही केला. बत्तीस वर्षांनी बाद फेरीत विजय.

पुढच्या रविवारी टँपा बे ३१-२३.

मग २८ जानेवारी, सांता क्लारा, समोर सॅन फ्रान्सिस्को. जिंकले तर सुपर बोल, संघाच्या इतिहासात पहिल्यांदा. मध्यंतराला लायन्स २४-७ नं पुढे. त्या पहिल्या अर्ध्यात लाइननं जे केलं ते मी पुन्हा पुन्हा बघितलंय. समोरची भिंत त्यांनी अक्षरशः दाराच्या फळ्यांसारखी उघडली. मध्यंतरात आजींनी कॉफी केली, पण कुणी प्यायली नाही.

दुसऱ्या अर्ध्यात सगळं निसटत गेलं. २४-१० असताना चौथ्या प्रयत्नाला दोन यार्ड हवे होते. कॅम्बेल यांनी लाथ मारली नाही, पास दिला, तो हातातून सुटला. लगेच सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रँडन आयुकनं लायन्सच्या खेळाडूच्या हेल्मेटवर आपटून उडालेला चेंडू झेलला. मग जमीर गिब्जच्या हातून चेंडू पडला. २४-२४. मग २७-२४, पुन्हा चौथा प्रयत्न, पुन्हा लाथ नाही, पुन्हा हुकलं. शेवटी ३४-३१.

दुसऱ्या दिवशी सगळेजण कॅम्बेल यांच्यावर तुटून पडले होते. गुण घ्यायला हवे होते म्हणे. पण नोव्हेंबरात चार्जर्सविरुद्ध जो निर्णय घेतला तोच इथे घेतला. तेव्हा पास झेलला गेला, आता नाही. याच स्वभावानं त्यांना तिथवर आणलं होतं. मी त्यांना दोष देत नाही.

सामना संपल्यावर आजोबांनी टीव्ही बंद केला नाही. आवाज तेवढा कमी केला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी माझी वही मागितली. शेवटच्या पानावर मी पाच फुल्या काढल्या होत्या, त्याखाली त्यांनी आपल्या कोनदार अक्षरात ३४-३१ लिहिलं. त्याखाली २५ एप्रिल. नव्या खेळाडूंची निवड, आणि या वर्षी ती डेट्रॉईटमध्येच, कँपस मार्शसच्या चौकात.

“सगळे मिळून जाऊ,” ते म्हणाले. “लवकर निघावं लागेल, पार्किंग मिळणार नाही.”

मी तारीख बघितली. “गुरुवार आहे. तोवर मला नोकरी लागली असेल.”

“मग अर्धा दिवस रजा टाक.”